मोठ्याच्या हद्दीत छोट्याचं काय होतं?

मे महिन्याचा शेवटचा शनिवार. आदल्या दिवशी वळीव येऊन हवा धुऊन गेला होता. पन्हाळ्यावर झुणका-भाकरी, दही सगळं झालं होतं. घरी निघायच्या आधी मावसभावानं गाडीच्या डिकीतून दुर्बीण काढली. रात्रीचे दहा वाजत आले होते.

"दक्षिणेकडं बघ. हात लांब कर, क्षितिजापासून एक वीत मोज. त्याच्या थोडं वर."

आधी सगळं नुसतंच गरगरलं. मग सापडला. एक पुसट, गोल डाग. फळ्यावरचा खडू कुणी बोटानं पुसावा तसा.

"ओमेगा सेंटॉरी. साधारण एक कोटी तारे आहेत त्यात. सतरा हजार प्रकाशवर्षांवर. आणि ऐक, एकेकाळी ती स्वतंत्र दीर्घिका असावी, असं बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं. आपल्या आकाशगंगेनं तिला खाल्लं. हा उरलेला गाभा."

"खाल्लं म्हणजे?"

"खाल्लं म्हणजे खाल्लं. मोठ्यानं छोट्याला."

आता हे वाक्य दुसऱ्या कुठल्या आठवड्यात ऐकलं असतं, तर मी सोडून दिलं असतं. पण त्याच आठवड्यात आमच्या ग्रुपमधल्या चौघी पुण्याला निघाल्या होत्या. एक एमबीएला, दोघी आयटीत, एक एमपीएससीच्या क्लासला. पुण्यातल्या एका कोर्सचा माझाही फॉर्म लॅपटॉपवर भरून तयार होता. फक्त सबमिट दाबायचं बाकी होतं. घरी रोज तोच विषय. 'गेलेली पोरं परत येत नाहीत,' हे आजीचं ठरलेलं वाक्य.

म्हणून मी त्या डागाच्या मागं लागले. मोठ्याच्या हद्दीत शिरलेल्या छोट्याचं नेमकं काय होतं? तुमच्यापैकीही बरेच जण सध्या बॅगा भरत असणार. तेव्हा चला, जरा लांबचा फेरफटका मारून येऊ.

ही छोटी मंडळी कोण?

आपली आकाशगंगा ही मोठी दीर्घिका. ढोबळमानानं एक लाख प्रकाशवर्षं रुंद, शंभर अब्जांहून जास्त तारे असलेली. पृथ्वीभोवती चंद्र फिरतो तशा तिच्याभोवती छोट्या दीर्घिका फिरतात. त्या उपग्रह दीर्घिका आणि मधली मोठी ती यजमान. आजवर आपल्याभोवती अशा साठएक सापडल्यात.

त्यांतली सगळ्यात दणकट म्हणजे 'मॅगेलनचा मोठा ढग'. १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर आहे. दक्षिण गोलार्धात तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. दुसऱ्या टोकाला सेग्यू-१, २००६ साली सापडलेली. तिच्यात तारे किती? हजारभर. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या कॉलेजात याहून जास्त पोरं असतात!

मग तिला दीर्घिका तरी कशाला म्हणायचं? कारण तिच्यातले तारे ज्या वेगानं फिरतात, तो वेग आवरायला ताऱ्यांचं स्वतःचं वजन पुरत नाही. न दिसणारं काहीतरी त्यांना धरून आहे. तेच कृष्णद्रव्य. प्रत्येक दीर्घिका अशा कृष्णद्रव्याच्या मोठ्या गोळ्यात बसलेली असते आणि छोट्या दीर्घिकांत त्याचं प्रमाण फारच जास्त असतं.

१९९९ साली शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी कॉम्प्युटरवर विश्व 'चालवून' पाहिलं. उत्तर आलं, आपल्यासारख्या यजमानाभोवती असे शेकडो छोटे गोळे हवेत. तेव्हा माहीत होत्या डझनभर दीर्घिका. बाकीच्या गेल्या कुठं? काही फार अंधुक होत्या, त्या नंतर सापडत गेल्या आणि अजून सापडताहेत. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रं जून २०२५ मध्ये आली; तिच्याकडून याबाबत मोठ्या अपेक्षा आहेत. काही गोळ्यांत तारे पेटलेच नाहीत. विश्व अगदी तरुण असताना, १३ अब्ज वर्षांच्या आसपास मागं, पहिल्या ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशानं सगळीकडचा वायू तापला. हलक्या गोळ्यांना तो तापलेला वायू धरून ठेवता आला नाही. म्हणजे छोट्यांचं जे वाटोळं झालं, त्यातलं सगळं यजमानाच्या माथी मारता येत नाही. काहींचा खेळ तो भेटायच्या आधीच संपला होता.

आधी जातो तो वायू

तारे बनतात थंड हायड्रोजनपासून. हायड्रोजन आहे तोवर दीर्घिकेला भविष्य आहे. तो संपला की जुने तारे म्हातारे होत राहतात, नवा जन्मत नाही.

हा हायड्रोजन २१ सेंटीमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी सोडतो आणि त्या टिपणारी मोठी दुर्बीण आपल्याच राज्यात आहे. नारायणगावजवळ खोडदला, जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. २००८ साली आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या रशियन सहकाऱ्यांनी या दुर्बिणीतून साठच्या वर अंधुक बटू दीर्घिकांच्या हायड्रोजनची पाहणी प्रसिद्ध केली. दिसायला मिणमिणत्या, पण पोटात वायू भरपूर.

आता यजमानाच्या जवळ या. इथं चित्र उलटं. सिंह राशीच्या दिशेला दोन छोट्या दीर्घिका आहेत. लिओ-टी आपल्यापासून सुमारे १४ लाख प्रकाशवर्षं दूर. तिच्यात हायड्रोजन आहे आणि खगोलाच्या हिशेबात अगदी अलीकडं तिथं तारे जन्मलेत. लिओ-१ सव्वाआठ लाख प्रकाशवर्षांवर. तिच्यात हायड्रोजन सापडत नाही. मॅगेलनचे मोठा आणि छोटा असे दोन ढग सोडले, तर आकाशगंगेच्या जवळच्या जवळपास सगळ्याच उपग्रहांची हीच गत.

असं का? शिरोलीच्या हायवेवर ओढणी नीट न बांधता गाडीवर बसलाय कधी? वारा नसला तरी आपल्या वेगामुळं वारा लागतो आणि ओढणी जाते. मोठ्या दीर्घिकेभोवती विरळ, तापलेल्या वायूचं आवरण असतं. छोटी दीर्घिका त्यातून सेकंदाला दोन-तीनशे किलोमीटर वेगानं जाते. समोरून दाब येतो आणि तिचा वायू मागं निघून जातो. तारे मात्र जागच्या जागी. ओढणी उडाली, तुम्ही गाडीवरच!

कुणाची ओढणी उडणार हे वजनावर ठरतं. हलक्या दीर्घिकांचा वायू आत शिरल्यापासून एक-दोन अब्ज वर्षांतच संपतो. मॅगेलनचा मोठा ढग वजनदार, त्यानं आपला वायू बराचसा राखलाय. दोन्ही ढगांच्या मागं वायूचा लांबलचक पट्टा पसरलाय खरा, पण मोठ्या ढगात आजही दणक्यात तारे जन्मताहेत. तो आकाशगंगेच्या इतक्या जवळ बहुतेक पहिल्यांदाच आलाय, हेही एक कारण. हे कळलं हबल दुर्बिणीमुळं. नित्या कल्लिवयलील आणि सहकाऱ्यांनी २००६ साली त्याचा वेग मोजला, तेव्हा तो अपेक्षेपेक्षा जास्त निघाला.

मग ओढाताण

वायू गेला तरी तारे उरतात. पण यजमान तेवढ्यावर थांबत नाही.

मालवणच्या समुद्राला भरती का येते, हे शाळेत शिकलोय. चंद्र जवळच्या बाजूला जास्त ओढतो, लांबच्या बाजूला कमी. या फरकानं पाणी ताणलं जातं. उपग्रह दीर्घिकेला अशीच भरती येते, फक्त ताणले जातात तारे. पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही टोकांनी ताऱ्यांचे पट्टे निघायला लागतात.

याचं ठळक उदाहरण १९९४ साली सापडलं. केंब्रिजच्या इबाटा, गिलमोर आणि अर्विन यांना धनू राशीच्या दिशेला, आकाशगंगेच्या केंद्रापलीकडं, एक विस्कटत चाललेली दीर्घिका दिसली. इतकी जवळ असून तोवर कुणाच्या लक्षात आली नव्हती, कारण ती आपल्याच ताऱ्यांच्या गर्दीमागं होती. पुढं कळलं, की तिच्या ताऱ्यांचा पट्टा अख्ख्या आकाशगंगेला वेढा घालतोय. तिचा गाभा ज्या जागी आहे, तिथला एम-५४ नावाचा तारकागुच्छ शार्ल मेसिए यांनी १७७८ मध्येच नोंदवला होता. दोनशेहून जास्त वर्षं लोक त्याच्याकडं बघत होते आणि आपण दुसऱ्या दीर्घिकेच्या काळजात बघतोय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मोठ्या उपग्रहाला आणखी एक त्रास. गणपतीच्या मिरवणुकीत मोठ्या मंडळाचा ट्रॅक्टर आठवा. तो जितका मोठा, तितकी गर्दी मागं गोळा होते आणि ती गर्दीच त्याचा वेग खाते. घरचा गणपती हातात घेऊन निघालेला माणूस मात्र कडेनं कधीच पुढं गेलेला असतो. जड दीर्घिका कृष्णद्रव्यातून जाताना तिच्यामागं असंच कृष्णद्रव्य गोळा होतं आणि ते तिला मागं ओढतं. वेग कमी होतो, कक्षा आत-आत येते. हलक्या दीर्घिका अब्जावधी वर्षं बाहेरच फिरत राहू शकतात. वजनदार लवकर बुडतात. एका अंदाजानुसार मॅगेलनचा मोठा ढग सुमारे अडीच अब्ज वर्षांत आकाशगंगेत विलीन होईल.

म्हणजे गंमत बघा. वजन असेल तर वायू टिकतो, पण वजन असेल तर विलीनही लवकर व्हावं लागतं.

हद्द नेमकी कुठं?

'हद्दवाढ' हा शब्द कोल्हापूरकराला समजावून सांगायची गरज नाही. शहराची हद्द कुठवर, कुठलं गाव आत आणि कुठलं बाहेर, यावर आपण जन्मापासून भांडणं ऐकतोय. दीर्घिकांच्या बाबतीतही हा प्रश्न खरा आहे. कृष्णद्रव्याला काही कुंपण नसतं. मग उपग्रह 'आत आला' असं म्हणायचं केव्हा?

याचं एक छान उत्तर देणाऱ्यांत मराठी नाव आहे. पुण्याच्या आयुकातले सुहृद मोरे. उपग्रह दीर्घिकांच्या वेगावरून यजमानाभोवतीचं कृष्णद्रव्य मोजायचं, हे त्यांचं सुरुवातीचं काम. २०१५ मध्ये त्यांनी बेनेडिक्ट डीमर आणि आंद्रे क्रावत्सोव्ह यांच्याबरोबर 'स्प्लॅशबॅक रेडियस' हीच खरी हद्द मानावी, असं मांडलं. कल्पना साधी आहे. पहिल्यांदा आत पडलेली दीर्घिका थेट थांबत नाही. ती जवळून जाते, पलीकडं उसळते, एका अंतरावर थबकते आणि परत फिरते. जिथून ती परत फिरते, ती हद्द. तिच्या बाहेर पहिल्यांदाच येणारे, आत एकदा तरी येऊन गेलेले. पुढच्याच वर्षी मोरे आणि सहकाऱ्यांनी दीर्घिकांच्या मोठ्या समूहांभोवती, स्लोन सर्वेक्षणाच्या माहितीत, ही हद्द शोधूनही दाखवली. तिथं दीर्घिकांची गर्दी एकदम ओसरते. पुण्याच्याच आयसरमधल्या सुस्मिता अधिकारी यांचंही या विषयावर महत्त्वाचं काम आहे.

आपल्या आकाशगंगेची अशी हद्द २०२० मधल्या एका अभ्यासानं सुमारे साडेनऊ लाख प्रकाशवर्षांवर सांगितली. आता लिओच्या दोघी आठवा. सव्वाआठ लाखांवरची हद्दीच्या आत, वायू नाही. चौदा लाखांवरची बाहेर, वायू शाबूत. दोन उदाहरणांवरून नियम ठरत नाही, पण बाकीच्या बहुतेक जणीही हीच गोष्ट सांगतात.

छोटेही मोठ्याला हलवतात

इथवर वाचून आजीचं बरोबर, असं वाटलं असेल. मलाही वाटलं होतं. पण गोष्ट एकतर्फी नाही.

मॅगेलनचा मोठा ढग आकाशगंगेच्या एक दशांश किंवा त्याहून थोडा जास्त वजनाचा असावा. एवढा पाहुणा घरात आला की यजमानही हलतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत दिसलं, की आकाशगंगेची तबकडी बाहेरच्या ताऱ्यांच्या तुलनेत सेकंदाला सुमारे ३२ किलोमीटर वेगानं सरकतेय. या ढगाच्या ओढीनं. तुम्ही, मी, रंकाळा, सूर्य, सगळ्यांसकट.

धनूतल्या त्या विस्कटलेल्या दीर्घिकेची गोष्ट तर आणखी भारी. २०२० मधला एक अभ्यास सांगतो, की सूर्याच्या परिसरात ताऱ्यांचा जन्म काही ठरावीक काळांत एकदम वाढलेला दिसतो आणि हे काळ ती दीर्घिका आकाशगंगेजवळून गेली त्या वेळांशी जुळतात. अजून हे पक्कं नाही. पण खरं असेल, तर तुटत-तुटत चाललेल्या छोटीनं मोठीला नवे तारे दिले.

आणि खाल्लेलं पूर्ण नाहीसं होत नाही. युरोपच्या गाया यानानं दोनशे कोटींच्या आसपास ताऱ्यांच्या जागा मोजल्या. त्या नोंदींतून २०२४ मध्ये ख्याती मल्हान आणि हान्स-वॉल्टर रिक्स यांनी ताऱ्यांचे दोन अतिप्राचीन समूह वेगळे काढले. सुमारे बारा अब्ज वर्षांपूर्वी आकाशगंगेत मिसळलेले तुकडे असावेत, असं त्यांचं म्हणणं. नावं ठेवली शक्ती आणि शिव. इतकी वर्षं आपल्यात राहूनही त्यांच्या चालण्याची ढब वेगळी आहे. त्यावरूनच ते ओळखू आले.

शेजारच्या देवयानी दीर्घिकेचंही तसंच. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकलेले, जेझुइटांच्या गोवा प्रांताचे खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड डिसोझा आणि एरिक बेल यांनी २०१८ मध्ये मांडलं, की देवयानीनं सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी एक मोठी दीर्घिका गिळली. तिच्या शेजारी दिसणारा छोटा, गच्च एम-३२ हा तिचाच उरलेला गाभा. ओमेगा सेंटॉरीच्या पोटातही २०२४ मध्ये किमान आठ हजार सूर्यांइतक्या वजनाच्या कृष्णविवराच्या खुणा मिळाल्या. साध्या तारकागुच्छात असं कृष्णविवर सहसा अपेक्षित नसतं. दीर्घिकेच्या गाभ्यात असतं. सगळं गेलं, गाभा राहिला.

आणि आपण?

डॉ. जयंत नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ ला आपल्या कोल्हापुरात झाला, हे आपण अभिमानानं सांगतो. पण त्यांच्या 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रातली चार नगरं कुठली? बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. त्यांत कोल्हापूर नाही. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला थोडं लागलंच. पण बनारसच्या घरात फळ्यावर छोट्या जयंतसाठी गणिताची कोडी लिहून ठेवणारे त्यांचे मामा, मोरेश्वर हुजूरबाजार, कोल्हापूरचेच. गाभा टिकतो तो असा.

आणखी एक. १९८८ मध्ये नारळीकरांनी पुण्यात आयुका उभी केली. तिच्या नावातच 'इंटर-युनिव्हर्सिटी' आहे. देशभरातल्या विद्यापीठांतल्या शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी यावं, शिकावं आणि ते घेऊन आपल्या गावी परत जावं, हा तिचा हेतू. नुसतं ओढून घेणारा यजमान नव्हे, परत देणारा. तिथं विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी कार्यक्रमही असतात. तिसऱ्या वर्षाला असाल तर चौकशी करा. गाया आणि स्लोनची माहिती इंटरनेटवर फुकट आहे. हद्दीबाहेर बसूनही काम सुरू करता येतं.

फॉर्मचं काय झालं? भरला. आजीला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. भावाला म्हटलं, तुझ्या त्या डागावरून मी बरंच शिकले. तो हसला. म्हणाला, "आकाशाला करिअरचा सल्ला विचारू नये. दीर्घिकेला कुठं पडायचं हे निवडता येत नाही, गुरुत्वाकर्षण ठरवतं. तुला पुणे-कोल्हापूर एसटी आहे."

शनिवारचं तिकीट काढून ठेवलंय. जातानाचं आणि येतानाचंही.

वर्षभरात काय, कधी बघाल?

शहराच्या दिव्यांपासून लांब, अमावास्येच्या आसपास जा. साधी दुर्बीण सोबत घ्या.

मे अखेर, रात्री दहा: दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी. अंधार चांगला असेल तर नुसत्या डोळ्यांनीही पुसट दिसतो.

ऑक्टोबरची सुरुवात, अंधार पडताच: धनू राशीतला एम-५४. याला छोटी टेलिस्कोप लागेल. आकाशगंगा सध्या जिला खातेय, त्या दीर्घिकेचा हा गाभा.

नोव्हेंबर, रात्री साडेआठ-नऊ: उत्तरेला, बरीच उंचावर देवयानी दीर्घिका. अंतर २५ लाख प्रकाशवर्षं. टेलिस्कोप असेल तर शेजारी एम-३२ शोधा.

जानेवारीचा मध्य, रात्री दहाच्या पुढं: दक्षिणेला ठळक अगस्त्य तारा. त्याच्या खाली मॅगेलनचा मोठा ढग. कोल्हापुरातून तो क्षितिजाच्या वर जेमतेम साडेतीन अंश येतो, म्हणजे लांब केलेल्या हाताची दोन बोटं. डोंगर, धूर, दिवे, सगळं आड येतं. दिसणं जवळपास अशक्य. कन्याकुमारीला सहल निघाली तर तिथून तो बारा अंशांवर असतो. तिथं नक्की बघा. आणि इथूनच कुणाला दिसला, तर आधी आम्हाला कळवा!